शेती निविष्ठांची ऑनलाइन खरेदी: मोठ्या संकेतस्थळावर कुठे विश्वास ठेवावा, कुठे थांबावे

बियाणे, कीडनाशके, विद्राव्य खते, फवारणी पंप, ताडपत्री, ठिबकचे सुटे भाग मोबाईलवरून मागवणे आता कोल्हापूर जिल्ह्यातील गावांना नवे राहिलेले नाही. ॲमेझॉनने सप्टेंबर २०२१ मध्ये शेती निविष्ठांसाठी 'किसान स्टोअर' हा वेगळा विभाग सुरू केला. ॲग्रोस्टार, बिगहाट, इफ्को बाजार अशी फक्त शेतीसाठीची संकेतस्थळेही आहेत. त्यामुळे शेतकरी मेळाव्यात एक प्रश्न हमखास येतो: "एवढी मोठी कंपनी आहे, तिथून औषध घेतले तर चालेल का?"

या प्रश्नाला सरसकट 'हो' किंवा 'नाही' असे उत्तर देता येत नाही. एकच संकेतस्थळ फवारणी पंपासाठी योग्य आणि सोयाबीन बियाण्यासाठी अयोग्य असू शकते. संकेतस्थळ किती मोठे आहे यापेक्षा वस्तू कोणती आहे, ती प्रत्यक्ष कोण विकतो आहे आणि वस्तू खराब निघाल्यास नुकसान किती होणार, या तीन गोष्टी पाहून निर्णय घ्यावा.

पैसे परत मिळतात, हंगाम परत मिळत नाही

मोठ्या संकेतस्थळांची जमेची बाजू म्हणजे पैसे परत करण्याची सोय. पंपाचा नोझल तुटका निघाला, तर तो परत जातो आणि पैसे खात्यात येतात. आठ दिवस वाया जातात, पण पीक जात नाही.

उसातील हुमणीचे तसे नाही. वळवाचा पाऊस झाला की हुमणीचे भुंगेरे संध्याकाळी जमिनीतून बाहेर येऊन बाभूळ, कडुनिंब, बोर या झाडांवर जमतात. त्यानंतर जमिनीत घातलेल्या अंड्यांतून अळ्या निघतात. अळी लहान असतानाच औषधाचा आणि मेटारायझियमसारख्या जैविक बुरशीचा चांगला परिणाम होतो. अळी मोठी झाली की तेच औषध पुरे पडत नाही. औषध बनावट किंवा मुदत संपलेले असेल, तर ते ऊस पिवळा पडून वाळू लागल्यावरच लक्षात येते. त्या वेळी संकेतस्थळाने बाटलीचे ८०० रुपये परत केले, तरी गेलेली मुळे परत येत नाहीत.

म्हणून ऑर्डर देण्यापूर्वी स्वतःला एकच प्रश्न विचारावा: ही वस्तू खराब निघाली, तर फक्त तिची किंमत बुडेल की पीकही जाईल? किंमतच बुडणार असेल, तर ऑनलाइन खरेदीचा धोका कमी आहे. पीक जाणार असेल, तर पुढील सर्व तपासणी केल्याशिवाय खरेदी करू नये.

संकेतस्थळ मोठे असले तरी विक्रेता वेगळा असतो

ॲमेझॉन, फ्लिपकार्टसारखी संकेतस्थळे आठवडी बाजारासारखी आहेत. जागा त्यांची, माल दुसऱ्याचा. परकीय गुंतवणूक असलेल्या ई-कॉमर्स कंपनीला स्वतःच्या मालकीचा माल थेट ग्राहकाला विकता येत नाही. १ फेब्रुवारी २०१९ पासून लागू झालेल्या नियमांनी हे बंधन अधिक कडक केले. त्यामुळे आपण 'ॲमेझॉनवरून घेतले' म्हणतो, तेव्हा बिलावर बहुधा दुसऱ्याच कोणत्या तरी फर्मचे नाव असते. माल संकेतस्थळाच्या गोदामातून निघाला, तरी विक्रेता तीच फर्म असते.

एकाच उत्पादनाच्या पानावर अनेक विक्रेते असू शकतात. पानावरचे तारे आणि अभिप्राय त्या उत्पादनाचे असतात. आपल्याला माल पाठवणाऱ्या विक्रेत्याचे असतीलच असे नाही.

मोठे नाव म्हणजे तपासलेला माल नव्हे, याचे उदाहरण शेतीबाहेरचे आहे, पण बोलके आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑगस्ट २०२२ मध्ये ॲमेझॉन आणि फ्लिपकार्ट या दोघांनाही प्रत्येकी १ लाख रुपयांचा दंड ठोठावला. बंधनकारक मानकात न बसणारे प्रेशर कुकर त्यांच्या संकेतस्थळांवरून विकले गेले होते. ॲमेझॉनवरून विकलेल्या अशा कुकरची संख्या २,२६५ आणि फ्लिपकार्टवरील ५९८ होती. ग्राहकांना कळवून कुकर परत घेण्याचे व पैसे परत देण्याचे आदेशही झाले. कुकर परत घेता येतो. पेरलेले बियाणे परत घेता येत नाही.

कायदा काय सांगतो

कीडनाशके: कीटकनाशके अधिनियम, १९६८ आणि नियम, १९७१ यांनुसार विक्रीला परवाना लागतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने नियमांत बदल करून परवानाधारक विक्रेत्यांना ई-कॉमर्समार्फत शेतकऱ्याच्या दारात कीडनाशके पोहोचवण्यास परवानगी दिली. विक्रेत्याचा परवाना तपासण्याची जबाबदारी ई-कॉमर्स कंपनीवर टाकली. म्हणजे ऑनलाइन विक्री बेकायदा नाही. परवान्याशिवाय विक्री बेकायदा आहे.

बियाणे: बियाणे अधिनियम, १९६६ आणि बियाणे नियंत्रण आदेश, १९८३ लागू आहेत. विक्रेत्याला परवाना, बिल आणि पिशवीवर लेबल बंधनकारक आहे. प्रमाणित बियाण्याला निळा, पायाभूत बियाण्याला पांढरा आणि सत्यतादर्शक बियाण्याला हिरवट टॅग असतो. एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने 'साथी' पोर्टल सुरू केले. त्याचा क्यूआर कोड पिशवीवर असल्यास स्कॅन करून बियाण्याचा उगम पाहता येतो.

खते: खत नियंत्रण आदेश, १९८५ नुसार विक्रेत्याला प्राधिकारपत्र लागते. युरिया, डीएपी, पोटॅश व संयुक्त खते ही अनुदानित खते आधार पडताळणी करून पॉस मशीनवर दिली जातात. युरियाच्या ४५ किलो गोणीची नीमलेपनासह किंमत २६६ रुपये ५० पैसे ठरलेली आहे. त्यामुळे 'स्वस्त युरिया घरपोच' अशी जाहिरात दिसली, तर ती फसवणूक समजावी. नॅनो युरियाची बाटली आणि विनाअनुदानित विद्राव्य खते यांना हे लागू नाही; ती ऑनलाइन मिळू शकतात.

टॉनिक व जैव-उत्तेजके: समुद्री शेवाळ अर्क, अमिनो आम्ल, ह्युमिक अशी उत्पादने २०२१ मध्ये खत नियंत्रण आदेशाच्या कक्षेत आणली गेली. लेबलवर घटकांचे प्रमाण आणि नोंदणीचा उल्लेख नसलेले, 'सर्व पिकांवर, सर्व किडींवर एकच उपाय' असा दावा करणारे उत्पादन घेऊ नये. टॉनिकमुळे कीडही मरते असा दावा असेल, तर त्यात न सांगितलेले रासायनिक कीडनाशक असण्याची शक्यता असते.

परदेशी बियाणे: २०२० च्या उन्हाळ्यात अमेरिकेसह अनेक देशांतील लोकांना न मागवता टपालाने बियाण्यांची पाकिटे आली. ऑगस्ट २०२० मध्ये भारताच्या कृषी मंत्रालयानेही अशा संशयास्पद पाकिटांबाबत सावधगिरीच्या सूचना दिल्या. परदेशातून बियाणे आणण्यास आयात परवाना आणि रोगमुक्ततेचे प्रमाणपत्र लागते. 'निळी स्ट्रॉबेरी', 'काळा गुलाब' अशा नावाने विकली जाणारी पाकिटे घेऊ नयेत आणि आली तर पेरू नयेत.

कोणती वस्तू कोणत्या गटात

पहिला गट, बिनधास्त मागवता येणाऱ्या वस्तू: ताडपत्री, हातअवजारे, फवारणी पंप, नोझल, हातमोजे, चष्मा, मास्क, मल्चिंग पेपर, शेडनेट, ठिबकचे जोड, कामगंध सापळ्यांचे सांगाडे, चिकट सापळे. येथे जाडी, आकार, हमी आणि सुटे भाग कोल्हापुरात मिळतात का, एवढे पाहावे.

पॉवर वीडर, ब्रश कटर अशा यंत्रांसाठी महाडीबीटीवर अनुदानाचा अर्ज केला असेल, तर पूर्वसंमती मिळण्यापूर्वी ऑनलाइन खरेदी करू नये. आधी घेतलेल्या यंत्राला अनुदान मिळत नाही.

दुसरा गट, तपासूनच मागवण्याच्या वस्तू: नामांकित कंपनीची सीलबंद कीडनाशके, भाजीपाल्याचे संकरित बियाणे, विद्राव्य खते, सूक्ष्म अन्नद्रव्ये. या वस्तू उत्पादक कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून किंवा परवाना क्रमांक दाखवणाऱ्या विक्रेत्याकडूनच घ्याव्यात.

तिसरा गट, शक्यतो जवळच्या ठिकाणाहूनच घेण्याच्या वस्तू:
- सोयाबीन व भुईमूग बियाणे. सोयाबीनचे आवरण पातळ असते आणि अंकुर आवरणाच्या अगदी खाली असतो. गोणी उंचावरून टाकली, चार ठिकाणी चढवली-उतरवली की उगवण घटते. पार्सलचा प्रवास नेमका असाच असतो. फुले संगम, फुले किमया यांसारख्या वाणांचे बियाणे विद्यापीठ, महाबीज किंवा परवानाधारक केंद्रातून घ्यावे.
- ऊस बेणे व रोपे. गवताळ वाढ, काणी, लाल कूज हे रोग बेण्यातून येतात. मळा डोळ्यांनी पाहिल्याशिवाय बेणे घेऊ नये. साखर कारखान्याचा बेणे मळा, पाडेगाव किंवा कोल्हापूर येथील संशोधन केंद्र हे खात्रीचे मार्ग आहेत.
- जिवंत जिवाणू व बुरशी. ट्रायकोडर्मा, रायझोबियम, मेटारायझियम ही जिवंत उत्पादने आहेत. एप्रिल-मे महिन्यात तापलेल्या गाडीत आणि गोदामात दिवस काढल्यावर त्यातील जिवंत संख्या घटते. पाकीट मात्र बाहेरून तसेच दिसते.

ऑर्डर देण्यापूर्वी

१. विक्रेत्याचे नाव उघडावे. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार संकेतस्थळाने विक्रेत्याचे नाव, पत्ता आणि तक्रार अधिकाऱ्याची माहिती दाखवणे बंधनकारक आहे. पत्ता नसेल तर तिथेच थांबावे.

२. जीएसटी क्रमांक पाहावा. पहिले दोन अंक राज्य सांगतात: २७ महाराष्ट्र, २९ कर्नाटक, २४ गुजरात. परराज्यातील विक्रेता वाईट असतो असे नाही. पण तक्रारीच्या वेळी आपल्या तालुक्यातील निरीक्षक त्याच्या गोदामात जाऊन साठा तपासू शकत नाही, हे लक्षात ठेवावे.

३. परवाना क्रमांक मागावा. कीडनाशक किंवा बियाणे असेल, तर पानावर किंवा संदेश पाठवून विचारावे. उत्पादक कंपनीच्या ग्राहक क्रमांकावर फोन करून "हा तुमचा अधिकृत विक्रेता आहे का" हे विचारण्यास दोन मिनिटे लागतात.

४. नाव नव्हे, घटक व प्रमाण वाचावे. इमिडाक्लोप्रिड शोधल्यास १७.८ टक्के एसएल, ३०.५ टक्के एससी आणि ७० टक्के डब्ल्यूजी अशी वेगवेगळी उत्पादने दिसतात. त्यांची मात्रा वेगळी, किंमत वेगळी. बाटलीच्या किमतीची तुलना न करता एकरी लागणाऱ्या मात्रेच्या किमतीची तुलना करावी.

५. किंमत फार कमी असेल तर कारण शोधावे. मुदत जवळ आली आहे का, पॅक लहान आहे का, की माल दुसऱ्याच नावाचा आहे?

६. अभिप्रायाची तारीख पाहावी. बियाण्याला पाच तारे देऊन 'पॅकिंग छान, डिलिव्हरी लवकर' असे लिहिणाऱ्याने बियाणे अजून पेरलेलेही नसते. उगवण, फूल, फळ यांबद्दल लिहिलेले अभिप्राय तेवढे वाचावेत.

७. परतीची अट वाचावी. बियाणे व कीडनाशके अनेकदा परत घेतली जात नाहीत.

८. दिवस मोजावेत. फवारणीच्या तारखेपासून मागे मोजून किमान दहा दिवस हाताशी ठेवावेत. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरात पुणे-बंगळूर महामार्गही शिरोलीजवळ बंद पडला होता. गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडी, पन्हाळा भागातील शेतकऱ्यांनी पावसाळ्यात लागणारी औषधे ऐनवेळी ऑनलाइन मागवू नयेत.

पार्सल आल्यावर

- पार्सल फोडतानाचा मोबाईल व्हिडिओ काढावा. पार्सलवरील पत्ता, सील, बॅच क्रमांक एकाच व्हिडिओत दिसावेत.
- कीडनाशकाच्या लेबलवर नोंदणी क्रमांक, उत्पादन परवाना, बॅच क्रमांक, उत्पादनाची व मुदत संपण्याची तारीख, विषारीपणाचा त्रिकोण आणि विषबाधेवरील उपाय असावेत. त्रिकोणात लाल रंग सर्वांत विषारी, त्यानंतर पिवळा, निळा, हिरवा. माहितीपत्रकात आपले पीक व कीड आहे का, हे पाहावे.
- बियाण्याच्या टॅगवर वाण, लॉट क्रमांक, उगवणशक्ती, चाचणीची तारीख आणि वैधता पाहावी. वैधता सामान्यतः चाचणीच्या तारखेपासून ९ महिने असते.
- बियाण्याची पिशवी टॅगच्या बाजूने न फोडता खालून फोडावी. टॅग, पिशवी, बिल आणि मूठभर बियाणे कापणीपर्यंत जपून ठेवावे.
- उगवण चाचणी घ्यावी. १०० दाणे ओल्या गोणपाटात ओळीने मांडून गुंडाळी सावलीत ठेवावी, ओल टिकवावी. सहा-सात दिवसांनी निरोगी कोंब मोजावेत. सोयाबीनमध्ये किमान ७० कोंब अपेक्षित आहेत.
- बिल डाउनलोड करून ठेवावे. ॲपमधील ऑर्डर उद्या दिसेलच याची खात्री नसते.

गावातले दुकान की मोबाईल?

तुलना प्रामाणिकपणे करावी. कृषी सेवा केंद्रातही कच्चे बिल, युरियासोबत नको असलेला माल गळ्यात मारणे, उधारीवर चढा दर असे प्रकार घडतात. ऑनलाइन खरेदीत पक्के बिल आपोआप मिळते आणि किंमत उघड असते, हा तिचा खरा फायदा आहे.

पण दुकानदाराचा परवाना भिंतीवर लागलेला असतो, साठा तालुक्यातील निरीक्षक तपासू शकतो, आणि बियाणे उगवले नाही तर तोच दुकानदार बांधावर येतो किंवा त्याला यावे लागते. शिवाय ऊस बिल येईपर्यंतची उधारी कोणतेही संकेतस्थळ त्याच भरवशावर देत नाही. म्हणून ऑनलाइन किंमत पाहून दुकानदाराशी भाव करणे आणि त्याच्याकडून पक्के बिल घेणे, हा मार्ग अनेक वेळा सर्वांत सोयीचा ठरतो.

माल खराब निघाल्यास

- प्रथम संकेतस्थळाच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. नियमानुसार ४८ तासांत पोच आणि एक महिन्यात निवारण अपेक्षित आहे.
- बियाणे उगवले नाही, औषधाने पीक करपले, तर लगेच तालुका कृषी अधिकारी किंवा पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज देऊन पंचनामा मागावा. दुबार पेरणी किंवा नांगरट पंचनाम्यानंतरच करावी.
- राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवावी.
- ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार शेतकरी आपण राहतो त्या जिल्ह्यात दावा करू शकतो. विक्रेता दिल्लीचा असला तरी दावा कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात चालतो. मुदत दोन वर्षांची आहे. वस्तूची किंमत ५ लाखांपर्यंत असेल, तर दाव्याला शुल्क नाही.
- बियाणे विकत घेणारा शेतकरी 'ग्राहक' आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय बीज निगमच्या प्रकरणात जानेवारी २०१२ मध्ये स्पष्ट केले. सर्व बियाणे पेरून टाकले आणि नमुना उरला नाही, एवढ्यावरून शेतकऱ्याचा दावा फेटाळता येत नाही, असेही त्यात म्हटले आहे. तरीही नमुना ठेवलेला केव्हाही चांगला.
- हुबेहूब नावाचे बनावट संकेतस्थळ, आगाऊ पैसे घेऊन बंद झालेला क्रमांक अशी फसवणूक झाल्यास तातडीने १९३० वर फोन करावा. जितक्या लवकर कळवले, तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त.

कृषी विस्तार कर्मचाऱ्यांसाठी

खरीपपूर्व सभेत 'ऑनलाइन घेऊ नका' एवढेच सांगितल्यास शेतकरी ऐकत नाही आणि नंतर नुकसान झाले तरी सांगायला येत नाही. त्याऐवजी सभेत एका कीडनाशकाचे पान मोबाईलवर उघडून विक्रेत्याचे नाव, जीएसटी क्रमांक व परवाना कसा शोधायचा हे प्रत्यक्ष दाखवावे. तक्रार आल्यास 'ऑनलाइन घेतले, आमचा संबंध नाही' असे सांगून परत पाठवू नये. माल कुठूनही आला तरी पीक आपल्या कार्यक्षेत्रातले आहे. पंचनामा झालाच पाहिजे. बनावट माल संशयित असेल, तर बॅच क्रमांक, विक्रेत्याचे नाव आणि बिलाची प्रत जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी कार्यालयातील गुणनियंत्रण शाखेकडे पाठवावी. त्याच बॅचचा माल शेजारच्या गावातही पोहोचलेला असू शकतो.

पीक किंवा औषधाबाबत शंका असल्यास किसान कॉल सेंटरच्या १८००-१८०-१५५१ या क्रमांकावर किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात, तळसंदे अथवा कणेरी येथे, खरेदीपूर्वीच विचारणा करावी.